‘चार पंक्चर हायेत जी’: नागपूर-रायपूर रस्त्यावर टायरची लूट कशी होते

नागपूर-रायपूर हा इंग्रजांच्या काळातला ग्रेट ईस्टर्न रोड. रायपुरात आजही त्याला जी.ई. रोडच म्हणतात. पुढे तो राष्ट्रीय महामार्ग 6 झाला, आता कागदावर 53 आहे. मौद्यावरून भंडारा, वैनगंगा ओलांडली की लाखनी, साकोली आणि मग देवरीपर्यंत नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाचा पट्टा. नवरात्रात डोंगरगडला, दिवाळीत नागझिऱ्याला पोराबाळांसह गाड्या निघतात, आणि पंक्चरच्या नावाखाली लुबाडणाऱ्यांना नेमकी हीच गिऱ्हाइकं हवी असतात. गाडीत म्हातारी माणसं, लहान मुलं, पुढे जंगल, दिवस मावळतीला आलेला. अशा वेळी माणूस घासाघीस करत नाही.

सुरुवात बहुतेक वेळा शेजारून जाणाऱ्या मोटारसायकलवाल्यापासून होते. तो हात करून मागच्या चाकाकडे दाखवतो, “भाऊ, हवा नाही जी मागे.” शंभर-दोनशे मीटरवर टपरी असतेच. त्याच्या सांगण्यावरून तिथेच थांबू नका. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतला तरी हवा सहसा हळूहळू जाते. स्टिअरिंग एका बाजूला ओढत नसेल, मागून फटफट आवाज येत नसेल, तर वेग कमी करून उजेडाच्या, वर्दळीच्या जागी, शक्यतो पेट्रोल पंपावर थांबा आणि स्वतःच्या गेजने हवा मोजा. बहुतेक गाड्यांना 30 ते 35 पीएसआय लागते (नेमका आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो). 25 च्या वर असेल तर बारा व्होल्टच्या पंपाने हवा भरून, अधूनमधून मोजत साकोली किंवा भंडारा गाठता येतं. 15 च्या खाली असेल तर चालवू नका, टायर रिमखाली चिरडून आतून फाटतो. स्टेपनी लावा. स्टेपनी बारीक चाकाची असेल तर ताशी 80 च्या पुढे जाऊ नका.

खरी लूट पंक्चर शोधायला टायरवर साबणाचं पाणी लावतात, त्या वेळी होते. पहिलं पंक्चर बहुधा खरंच असतं, पुढची तिथेच तयार होतात. टायरवर फेस फासणाऱ्या पोराच्या हातात ओला फडका असतो, आणि फडक्यात बोटांच्या फटीत आरी, म्हणजे चांभाराकडे असतो तसा अणकुचीदार टोचा. पुसता पुसता ती खाचेत टोचली जाते, कारण टायरच्या नक्षीतल्या दोन गट्ट्यांमधल्या खाचेत रबर पातळ असतं. लगेच बुडबुडे. “चार पंक्चर हायेत जी.” प्रत्येकाचे दीडशे धरले तरी सहाशे झाले. त्याच वेळी दुसरा माणूस तुम्हाला इंजिन किंवा शॉकअब्सॉर्बर दाखवायला पुढे बोलावतो. जाऊ नका. टायर खोलल्यापासून हवा भरेपर्यंत एका मोठ्या माणसाने चाकापाशीच उभं राहायचं.

कधी भोकसुद्धा नसतं, नुसता फेस असतो. ब्रश घुसळला की फेस येतोच. तो साध्या पाण्याने धुऊन काढायला लावा आणि त्या जागी साबणाच्या पाण्याचा एकच थेंब सोडा. हवा जात असेल तर त्याच टिंबातून एकामागून एक बुडबुडा फुगत राहतो. नसेल तर फेस विरून जातो.

खिळा काढण्याआधी त्याच्याभोवती खडूने गोल करा, फोटो काढा आणि मोठ्याने सांगा, “इतकेच आहेत, इतक्याचेच पैसे.” दर आधीच ठरवा. मग खिळा हातात मागून घ्या. रस्त्यावर चाललेल्या खिळ्याचं डोकं डांबरावर घासून चपटं आणि चकचकीत झालेलं असतं. डब्यातून उचलून दाखवलेल्या खिळ्याचं डोकं गोल, गंजकं किंवा कोरं असतं. भोकाच्या कडाही पाहा. जुन्या पंक्चरच्या कडेला माती आणि काळपट रबराची धूळ बसलेली असते, आरीचं भोक स्वच्छ आणि सरळ असतं.

सगळ्यात महाग पडते ती बाजूच्या भिंतीत टोचलेली आरी. रस्त्याला टेकणाऱ्या भागातलं 6 मिलिमीटरपर्यंतचं भोक दुरुस्त होतं, पण भिंतीतलं किंवा खांद्यावरचं (भिंत आणि रस्त्याला टेकणारा भाग जिथे मिळतात तिथलं) होत नाही. मग “टायर गेला” म्हणून जुना टायर गळ्यात मारतात, नाहीतर ट्यूब टाकायला सांगतात. ट्यूबलेस टायरच्या आतल्या खरबरीत भिंतीवर ट्यूब घासते, तापते आणि वेगात असताना एकदम बसते. घेऊ नका. टायर घ्यावाच लागला तर बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. खाचेतल्या उंचवट्यापर्यंत, म्हणजे 1.6 मिलिमीटरवर, झीज आली असेल तर तो टायर बाद आहे. घरून निघतानाच पाचही टायरच्या शिक्क्यांचे फोटो काढून ठेवा, म्हणजे स्टेपनी बदलली गेली तर लगेच कळेल.

याच रस्त्यावर रात्री उठून, एका पंक्चरचे रास्त पैसे घेणारी माणसंही आहेत, आणि या आरीवाल्यांमुळे त्यांच्याकडेही संशयाने पाहिलं जातं याचं आम्हाला फार वाईट वाटतं. ओळखायची खूण एवढीच, की चांगला कारागीर खिळा स्वतःहून हातात ठेवतो आणि तुम्ही जवळ उभे राहिलात तर त्याला राग येत नाही.

पैसे शक्यतो यूपीआयने द्या, नोंद राहते. दमदाटी झाली तर भांडत बसू नका, गाडीची काच लावून 112 लावा. महामार्गावरच्या मदतीसाठी 1033 आहे, त्यांना जवळच्या किलोमीटरच्या दगडाचा आकडा सांगा. ग्राहक म्हणून तक्रार 1915 वर करता येते.

बाहेरून मारलेली स्ट्रिप, म्हणजे भोकात खुपसलेली चिकट रबरी दोरी, तात्पुरतीच समजा. ती आत दाबून दोन-तीन मिलिमीटर बाहेर ठेवून कापलेली असावी. वीसेक किलोमीटरवर हवा पुन्हा मोजा, दुसऱ्या दिवशी सकाळी टायर थंड असताना आणखी एकदा. परतल्यावर ओळखीच्या दुकानात टायर उतरवून आतून मशरूम पॅच (भोकात बसणारा दांडा असलेला छत्रीसारखा रबरी तुकडा) लावून घ्या, आणि आतली भिंत हाताने चाचपून पाहायला सांगा, आरीचं एखादं न दाखवलेलं भोक तिथे सापडू शकतं.