कॅनन की भूप-दुर्गा? शाळेच्या व्हायोलिन वृंदासाठी तुकडा निवडताना

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "सर, संमेलनाला यंदा पोरं काय वाजवणार?" आमचं संमेलन डिसेंबरच्या अखेरीस, सोलापुरातल्या गड्डा यात्रेची गडबड सुरू व्हायच्या आत. हातात सहा आठवडे, त्यातला एक खेळांच्या स्पर्धांत जातो. माझा वृंद म्हणजे चौदा व्हायोलिन, एक खर्जातला मोठा चेलो, आणि या दोहोंच्या मधला व्हायोला शून्य. सोलापुरात ज्या शाळांत असा वृंद आहे तिथेही साधारण हेच चित्र असावं, म्हणून हे लिहितोय.

मी दोन्ही वाजवून घेतलं आहे. एका वर्षी जर्मन संगीतकार पाखेलबेलचा कॅनन, पुढच्या वर्षी भूप आणि दुर्गा हे दोन राग जोडून स्वतः बांधलेली सहा मिनिटांची रचना. बाकीचे पर्याय नव्हते असं नाही. मोझार्टच्या 'आयने क्लायने नाख्टम्युझिक'चा पहिला भाग सगळ्यांनाच वाजवावासा वाटतो, पण त्याची लय पोरांच्या उजव्या हाताला झेपत नाही. बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराच्या १९३४च्या 'सिंपल सिंफनी'तला एक भाग गजाशिवाय, नुसत्या बोटांनी छेडायचा आहे. ऐकायला सोपा वाटतो, पण पोरं त्यात अशी धावत सुटतात की शेवटी कोण कुठे पोहोचलं ते कळत नाही. होल्स्ट या दुसऱ्या इंग्रज संगीतकाराने लंडनमधल्या ज्या मुलींच्या शाळेत तो शिकवायचा, तिथल्या वृंदासाठीच 'सेंट पॉल्स स्वीट' लिहिला. तो मला मनापासून आवडतो, पण व्हायोला नसताना त्याला हात घालणं म्हणजे भाकरीशिवाय ठेचा वाढणं. तेव्हा उरले दोनच.

कॅननची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. मूळ रचना तीन व्हायोलिन आणि खर्जातल्या साथीची. तिन्ही व्हायोलिनना चाल एकच. आठ मात्रांचं एक आवर्तन झालं की दुसरं व्हायोलिन तीच चाल घेऊन शिरतं, आणखी एका आवर्तनाने तिसरं. म्हणजे शिकवायचं एकदाच. कच्ची पोरं तिसऱ्या गटात टाकली की वाजवण्याआधी चाल दोनदा कानावरून जाते. मधल्या धावत्या ताना सोप्या करून छापलेल्या प्रतीही मिळतात. प्रमुख पाहुण्यांचं भाषण लांबलं, तर मधली पाच-सहा आवर्तनं गाळता येतात आणि कुणाला काही कळत नाही. शिवाय १९६८ साली पायार या फ्रेंच वाद्यवृंद संचालकाच्या ध्वनिमुद्रणाने ही चाल जगभर पोहोचली ती आजतागायत लग्नाच्या व्हिडिओंतून वाजतेच आहे. पहिल्या चार स्वरांतच पालकांच्या रांगेत कुजबुज होते, "हे कुठंतरी ऐकलंय बघा." संमेलनात ही अर्धी लढाई जिंकल्यासारखं असतं.

माझं गाडं अडलं ते चेलोपाशी.

कॅननमध्ये चेलोला आठ स्वर आहेत. सरगमात सांगायचं तर सा प ध ग म सा म प. एका मात्रेला एक स्वर. हे आवर्तन एकूण अठ्ठावीस वेळा येतं. बस, बाकी काही नाही. माझी चेलोवाली तेव्हा आठवीत होती. तिचे वडील रिक्षात मागच्या सीटवर चेलो आडवा घालायचे, लेकीला त्याच्या कडेला कोंबायचे आणि स्वतः ड्रायव्हरशेजारी अर्धे बाहेर लटकत यायचे. पोरीने पहिल्या दिवशी दहा मिनिटांत आठही स्वर पाठ केले आणि विचारलं, "सर, पुढचं पान?" मी म्हटलं, पुढचं पान नाही गं. ती काही बोलली नाही. गजाला राळ घासत बसली, गरजेपेक्षा बराच वेळ.

दुसऱ्या आठवड्यापासून तिची मोजणी चुकायला लागली. वर व्हायोलिनच्या ताना सुरू झाल्या की हे एकोणिसावं की विसावं, तिला कळेना. ज्याला रस नाही त्याचं लक्ष उडणारच, तिचा दोष नव्हता. मग तिच्या मैत्रिणीने उपाय काढला. चेलोशेजारी एक स्टूल, स्टुलावर अठ्ठावीस चिंचोके, आणि प्रत्येक आवर्तनाला मैत्रीण एक चिंचोका पलीकडे सारणार. तालमीत झकास चाललं. कार्यक्रमात निवेदिकेच्या पदराचा धक्का लागून चिंचोके रंगमंचभर सांडले. मैत्रीण वाकून वेचतेय आणि ही खाली बघत वाजवतेय, एवढं मला समोरून दिसत होतं. मीच खूण करून तिला थांबवायला हवं होतं, पण मी त्या वेळी तिसऱ्या गटातल्या एका सुटलेल्या पोराच्या मागे होतो. व्हायोलिन संपले आणि चेलो एकटाच पुढे गेला: सा, प, ध, ग. मग शांतता. लोकांना वाटलं शेवट असाच आहे, टाळ्या पडल्या. पोरगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तुमच्याकडे दोन-तीन चेलो असतील, किंवा चेलोवर एखादा नवखा मुलगा असेल, तर ही अडचण तुम्हाला कदाचित जाणवणारही नाही. नवख्याला आठ स्वर म्हणजे वरदानच. पण वृंदातलं सगळ्यांत तयार मूल एकुलत्या एका चेलोवर असेल, तर मी सांगेन की जरा थांबा.

आता भूप-दुर्गा. पांढरी पाचचा, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीला (पाश्चात्त्य जी) सा मानून भूप धरला की स्वर येतात जी, ए, बी, डी, ई. व्हायोलिनच्या चारही सुट्या तारा या पाचांतच बसतात. आता बोटं तिथेच ठेवा आणि सा तेवढा पांढरी दोनवर, म्हणजे डीवर न्या. तेच पाच स्वर सा रे म प ध होतात, म्हणजे दुर्गा. पोरांना नवं बोट शिकवावं लागत नाही, खालचा षड्ज बदलला की राग बदलतो. पहिल्यांदा तालमीत हे केलं तेव्हा सहावीतला एक जण वाजवायचं थांबून आपल्या बोटांकडेच बघत बसला.

याचा दुसरा एक फायदा मला आधी सुचलाच नव्हता. माझ्या चौदातली चार पोरं हिंदुस्थानी पद्धतीच्या वर्गाला जातात. त्यांच्या तारा प-सा-प-सा लावलेल्या. पांढरी दोनला म्हणजे जाड तार एक स्वर चढवलेली आणि बारीक तार एक स्वर उतरवलेली. कॅननच्या वर्षी त्यांच्या तारा आधी परत लावायच्या, मग डिसेंबरच्या कोरड्या हवेत खुंट्या सरकायच्या, मग पुन्हा लावायच्या. पाश्चात्त्य जुळणीवरच भूप-दुर्गा वाजतं म्हटल्यावर त्या चौघांनी जुळणी महिनाभर तशीच ठेवली, त्यांच्या गुरुजींना सांगून.

खरं सांगायचं तर माझ्या पहिल्या खर्ड्यात चेलोचे हाल कॅननपेक्षा वाईट होते. मी तिला नुसता सा आणि प धरून ठेवायला दिला होता. आमचे तबल्याचे सर कागद बघून म्हणाले, "अहो, षड्ज-पंचमाला पोरगी कशाला पाहिजे? फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावा की." तिथे चेलो मोकळा झाला. मग सुरुवातीचा भूप संथ लयीत, एकट्या चेलोवर, तबल्याशिवाय, जवळजवळ एक मिनिट. व्हायोलिन नंतर येतात. एक काळजी घ्या: चेलोची सर्वांत जाड तार सी आहे आणि ती या पाच स्वरांत नाही. गज चुकून तिला लागला की भुपात मध्यम घुमतो, आणि घुमतो तो चांगलाच.

उणी बाजूही आहे. एका ज्येष्ठ गायकांनी ऐकून विचारलं, "स्वर बरोबर आहेत, पण भूप कुठाय?" म्हणणं रास्त होतं. बोटपट्टीवर स्टिकर लावून शिकणाऱ्या पोरांकडून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं, कशी काढणार? रागाचं नाव घेऊन पाच स्वरांची धून वाजवतोय असं कुणी म्हटलं, तर मी वाद घालणार नाही. दुसरं, चौदा व्हायोलिन एकाच स्वरावर आले की प्रत्येकाची चूक उघडी पडते. कॅननमध्ये वरखाली निरनिराळे स्वर असल्याने बरंच झाकलं जातं. मी अर्ध्या पोरांना लांब पंचम धरायला लावून वेळ निभावली. आणि बांधणीचं काम? चार रात्री गेल्या, तेही दोन लिप्यांत, कारण निम्मी पोरं पाश्चात्त्य स्वरलिपी वाचतात आणि निम्मी सरगम. कॅननच्या छापील प्रतीला नुसत्या झेरॉक्स काढायच्या.

पण आपल्या गावात या रागांची एक गंमत आहे. कार्यक्रमानंतर पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू वस्तीतल्या, एका मुलाचे आजोबा भेटले. त्यांनी हात जोडले, म्हणाले, "मोहनम् छान वाजवलं. मग शुद्ध सावेरी का, तेवढं सांगा." म्हणजे ज्याला आम्ही भूप-दुर्गा म्हणत होतो, ते त्यांनी कर्नाटकी नावांनी ओळखलं होतं, सा बदलल्याच्या जागेसकट. कॅननला कुणी मला असा प्रश्न विचारला नव्हता. आणि "व्हायोलिन परदेशी, मग वाजवायचंही परदेशीच" असं म्हणणाऱ्या पालकांना मी कर्नाटकी संगीतातले थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांचं सांगतो. त्यांनी पाश्चात्त्य चालींवर संस्कृत कृती रचल्या. त्यातली 'श्यामले मीनाक्षी' ऐकली तर शिशुवर्गातलं पोरसुद्धा ट्विंकल ट्विंकल म्हणायला लागेल. देवघेव जुनी आहे, कुणी सोवळं पाळण्याचं कारण नाही.

तयारीला तीनच आठवडे असतील तर कॅनन घ्या, पस्तावणार नाही. पाच-सहा असतील आणि रात्री लिहीत बसायची तयारी असेल, तर माझं मत कुठे झुकलंय ते एव्हाना कळलं असेल. यंदा ती पोर दहावीला आहे, तरी भुपाची सुरुवात मीच वाजवणार म्हणून हटून बसली आहे.

तानपुऱ्याचा फोन मात्र फ्लाइट मोडवर टाका. आमच्या वेळी भूप संपला, षड्ज बदलला, दुर्गाचा पहिला रिषभ लागणार तेवढ्यात स्पीकरवर तबल्याच्या सरांच्या मामेभावाचा फोन आला. सर उठून उचलायलाही गेले होते.