हायब्रिडची छोटी बॅटरी तपासायची कशी: मीटर, टेस्टर की बल्ब?

हायब्रिड घेतली की सगळी चर्चा मोठ्या बॅटरीची होते. पण सकाळी बटण दाबलं, ‘रेडी’चा दिवा लागलाच नाही, डॅशबोर्डवर पाच-सात इशारे एकदम पेटले आणि आतून नुसती रिलेची (विजेवर चालणाऱ्या स्विचची) टकटक ऐकू आली, तर आधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी बघावी. मोठीत भरपूर वीज असली तरी तिला गाडीशी जोडणारे रिले ओढायला आणि कंप्युटर जागे करायला ही छोटीच लागते.

तपासणी कोणती करायची हे ठरवण्याआधी एक फरक लक्षात घ्या. साध्या गाडीत बॅटरी थकली की स्टार्टर कण्हायला लागतो आणि चार दिवस आधी कानाला कळतं. टोयोटा प्रियससारख्या पूर्ण हायब्रिडमध्ये इंजिन फिरवते ती मोठ्या बॅटरीवरची मोटर. छोटीवर शेकडो ॲम्पिअरचा झटका कधी येतच नाही. तिची क्षमता एक-तृतीयांशावर आली तरी रोज धावणारी गाडी बिनतक्रार उठते, आणि आठवडाभर उभी राहिली की एका सकाळी मुकी होते. म्हणून इथे बॅटरीच्या जोरापेक्षा तिचा दम बघायचा. बाजारातल्या बऱ्याच तपासण्या मात्र जोर मोजण्यासाठी बनलेल्या आहेत.

सुरुवात साध्या मल्टिमीटरने करावी. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी मोजायचं. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे तळ गाठलेली. अनेक हायब्रिडमध्ये ही बॅटरी बॉनेटखाली नसून मागे, प्रवाशांच्याच कप्प्यात असते. तिथे बहुधा एजीएम प्रकारची (आम्ल काचेच्या धाग्यांच्या थरात शोषून ठेवलेली) बंदिस्त बॅटरी बसवतात, आणि ती पूर्ण भरली की १२.८ च्या वरही दाखवते.

मोजण्यातच पहिली चूक होते. मी पहिल्यांदा डिकी उघडली, झाकण काढलं आणि प्रोब टेकवले. आकडा १२.३१, आणि बघता बघता १२.२४. बॅटरी गेली असंच मी धरलं. प्रत्यक्षात डिकीचा दिवा चालू होता आणि डिकी उघडल्यामुळे कंप्युटरही जागे झाले होते. दुसऱ्या दिवशी मीटरच्या वायरी आधीच चिमट्यांनी लावल्या, कुलपाची खटकी स्क्रूड्रायव्हरने दाबून डिकी बंद असल्याचं गाडीला भासवलं आणि किल्ली लांब नेऊन ठेवली. अर्ध्या तासाने मीटर १२.५८ वर स्थिर होता. (नंतर ती खटकी सोडवल्याशिवाय डिकी लावू नका, कुलूप मोडेल.) एवढी खटपट नको असेल तर बॅटरी मागे असलेल्या बऱ्याच गाड्यांत बॉनेटखाली जम्प स्टार्टसाठी धन टर्मिनल दिलेलं असतं. व्होल्टेज तिथे मोजलं तरी चालतं.

मीटरची मर्यादा अशी, की तो बॅटरी किती भरली आहे ते सांगतो, तिच्यात किती मावतं ते सांगत नाही. काठोकाठ भरलेला तांब्या आणि काठोकाठ भरलेली घागर मीटरला सारखीच दिसते. पूर्ण चार्ज करून, एक रात्र विश्रांती देऊनही १२.२ दाखवत असेल तर बॅटरी संपली, यावर बिनधास्त विश्वास ठेवा. १२.६ दाखवते म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका.

त्याच मीटरकडून थोडं जास्त काम काढता येतं. गाडी ‘रेडी’ न करता हेडलाइट लावायचे. ५५ वॅटचे दोन हॅलोजन बल्ब मिळून ९ ॲम्पिअरच्या आसपास घेतात. दहा मिनिटं आकड्यावर नजर ठेवा. चांगली बॅटरी १२ च्या आसपास तग धरते. काही मिनिटांतच साडेअकराकडे घसरणारी बॅटरी मी बदलून टाकेन. एलईडी दिवे फारच कमी वीज घेतात, तेव्हा सोबत केबिनचा पंखाही लावावा.

गॅरेजमधला छोटा डिजिटल टेस्टर बॅटरीत बारीकसा एसी सिग्नल सोडून आतला अवरोध मोजतो आणि त्यावरून बॅटरी किती झटका देऊ शकेल याचा अंदाज बांधतो. दोन मिनिटांचं काम, हातात छापील पावती, त्यामुळे मन त्याकडे लगेच झुकतं. पण त्यात एजीएम की साधी हे निवडावं लागतं आणि झटक्याचा मूळ आकडा भरावा लागतो. हायब्रिडच्या छोट्या बॅटरीवर अनेकदा फक्त ॲम्पिअर-तास (तिच्यात किती वीज मावते तो आकडा) छापलेले असतात, मग मेकॅनिक अंदाजाने काहीतरी भरतो. त्यात चिमटे बॉनेटखालच्या टर्मिनलला लावले तर मधल्या लांब वायरीचा अवरोधही बॅटरीच्या नावावर जमा होतो. माझ्या बॅटरीला एका गॅरेजात ‘उत्तम’ असा शेरा मिळाला आणि पंधरा दिवसांत, चार दिवस उभी राहिल्यावर, गाडी उठली नाही. टेस्टर खोटं बोलला नव्हता. बॅटरीत जोर होताच, दम नव्हता. एखादा सेल बिघडला असेल तर मात्र हे यंत्र पटकन पकडतं. तोच टेस्टर, त्याच सेटिंगवर, थेट बॅटरीच्या टर्मिनलवर दर सहा महिन्यांनी लावला तर आकडा कसा उतरतोय ते कळतं, आणि त्याचा उपयोग होतो.

माझा कौल बल्बच्या चाचणीला. बॅटरी पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवायची, गाडीपासून सोडवायची आणि तिच्यावर ५५ वॅटचा एक बल्ब लावायचा. तो साडेचार ॲम्पिअरच्या आसपास घेतो. बॅटरी ४५ ॲम्पिअर-तासांची असेल तर चार तासांत १८ ॲम्पिअर-तास, म्हणजे ४० टक्के वीज निघते. मग बल्ब काढून दोन तासांनी मोजा. निरोगी बॅटरी १२.३ च्या आसपास किंवा वर असेल. क्षमता निम्म्यावर आली असेल तर ती १२ च्याही खाली बसलेली दिसेल. मध्येच, बल्ब चालू असताना, आकडा ११.५ वर आला तर लगेच थांबा. उत्तर मिळालंय, आणखी उतरवून बॅटरीची हानी करू नका. पूर्ण क्षमता चाचणी १०.५ व्होल्टपर्यंत नेतात, पण घरी त्याची गरज नाही. बल्ब कमालीचा तापतो, तो विटेवर किंवा फरशीवर ठेवा. चाचणी झाल्याबरोबर एजीएमला चालणाऱ्या चार्जरने बॅटरी भरा. आणि बॅटरी सोडवण्याआधी डिकी उघडी राहील याची खात्री करा, कारण काही गाड्यांत डिकीचं कुलूप विजेवरच उघडतं. नारिंगी वेष्टणाच्या वायरी मोठ्या बॅटरीच्या, जीवघेण्या व्होल्टेजच्या असतात, त्यांना कशासाठीही हात लावायचा नाही.

एवढा वेळ नसेल आणि गाडी वरचेवर उभी राहत असेल, तर बॅटरीला कायम जोडून ठेवायचा ब्लूटूथ मॉनिटर घ्या. रात्री १२.६ आणि तीन दिवसांनी १२.२ असा उतार फोनवर दिसला की तपासणीची वेळ आली. गाडी रोज तासभर चालत असेल तर महिन्यातून एकदा मीटर आणि हेडलाइट पुरे.

आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर विसरा, बंदिस्त बॅटरीत तो घालणार कुठे? जड भाराचा जुना लोड टेस्टर साध्या गाडीच्या बॅटरीसाठी ठीक आहे, इथे त्याने नेमका नको तो प्रश्न विचारला जातो. माइल्ड हायब्रिडमध्ये (जिथे छोटी मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते) काही वेळा नेहमीचा १२ व्होल्टचा स्टार्टर असतो, तिथे तो चालेल. ह्युंदाई आयोनिक हायब्रिडमध्ये तर वेगळी लेड-ॲसिड बॅटरीच नाही, १२ व्होल्टचीही लिथियमची आहे. तिचं व्होल्टेज बराच काळ जवळपास सपाट राहतं, त्यामुळे वरचे आकडे तिला लावू नका.

नवी बॅटरी टाकण्याआधी आणखी दोन आकडे घ्या. गाडी ‘रेडी’त असताना टर्मिनलवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत, नाहीतर मोठीतून छोटीला वीज देणाऱ्या कन्व्हर्टरकडे बघावं लागेल. आणि गाडी झोपल्यावर किती वीज झिरपते तेही मोजा. ५० मिलिॲम्पिअर झिरपत असतील तर दिवसाला १.२ आणि महिन्याला ३६ ॲम्पिअर-तास जातात. गाडी महिनाभर उभी राहिली तर एवढ्यात ४५ ची कोरी करकरीत बॅटरीसुद्धा उतरते.