वालाचं बिरडं सोलताना ऐकलेली येलची व्याख्यानं

वाल रात्री भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक साल काढायचं. अर्धा किलो वाल सोलायला मला पाऊण-एक तास लागतो, आणि येल युनिव्हर्सिटीचं एक व्याख्यानही साधारण तेवढंच असतं. दोन वर्षं माझा हा मेळ बसलेला आहे. मी अलिबागला राहते. जवळच्या एका मराठी शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर भाचीने फोनवर ‘ओपन येल कोर्सेस’ लावून दिलं आणि म्हणाली, “मावशी, हे तुझ्यासाठीच आहे.” तेव्हापासून चार अभ्यासक्रम पूर्ण ऐकले. त्यांच्याबद्दल नीट लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी हे काय आहे ते सांगते. अमेरिकेत न्यू हेवनला येल युनिव्हर्सिटी आहे. तिथल्या वर्गात प्राध्यापक मुलांना शिकवत असताना कॅमेरा लावून अख्खं सत्र चित्रित केलं आणि डिसेंबर २००७पासून ते सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. नाव नोंदवावं लागत नाही, पैसे नाहीत, परीक्षा नाही, प्रमाणपत्रही नाही. व्हिडिओ बघा, नुसता आवाज उतरवून घ्या, किंवा व्याख्यानाचा शब्दन् शब्द लिहिलेला मजकूर वाचा. हा लिखित मजकूर माझ्यासारखीला फार मोलाचा. माझं सगळं शिक्षण मराठीतून झालं, आणि धर्माच्या अभ्यासक्रमाच्या क्रिस्टीन हेज बाई भरभर बोलतात. पहिले आठ दिवस मी आधी मजकूर वाचायची आणि मग ऐकायची. नंतर कान बसला.

मी सुरुवात हेज बाईंपासून केली, त्याला कारण आमची आळी. लहानपणी आमच्या भिंतीला भिंत लागून बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचं, कुटुंब होतं. आमच्याकडे त्यांना जुनी माणसं शनवार तेली म्हणत, कारण तेलाचा घाणा शनिवारी बंद. घरात मराठीच. त्या घरातल्या मावशी एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करायच्या, म्हणजे पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि वर फळं, आणि आमच्याकडे वाटी यायची. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. मी पाचवीत असताना सगळे इस्राएलला गेले. घराला कुलूप लागलं ते आठवतं. ही माणसं आपल्यासारखीच बोलतात, आपल्यासारखंच जेवतात, मग “आपल्या देशात” परत जाणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही आणि पुढे मीही कुठल्या वर्गात शिकवलं नाही.

हेज बाईंचा अभ्यासक्रम हिब्रू बायबलवर, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथावर आहे. २००६ साली चित्रित झालेली चोवीस व्याख्यानं. त्या श्रद्धेची टिंगल करत नाहीत आणि श्रद्धेला शरणही जात नाहीत. जलप्रलयाची गोष्ट घेऊन त्या दाखवतात की तिच्यात दोन गोष्टी एकमेकींत विणलेल्या आहेत. एका ठिकाणी प्रत्येक प्राण्याची एक जोडी नावेत घ्यायची, दुसरीकडे शुद्ध प्राण्यांच्या सात जोड्या. एका ठिकाणी चाळीस दिवस, दुसरीकडे दीडशे. हे वाचणाऱ्यांना शतकानुशतकं दिसत होतंच, पण त्यावरून अनेक हातांनी लिहिलेल्या थरांचा सिद्धांत एकोणिसाव्या शतकात जर्मन अभ्यासक वेलहाउझेनने पक्का केला. आपल्याकडे महाभारताच्या पाठांची चिकित्सा भांडारकर संस्थेत झाली, तिची आठवण येते.

पण मी थांबले ते हद्दपारीच्या व्याख्यानांवर. ख्रिस्तपूर्व ५८६मध्ये बॅबिलोनच्या सैन्याने जेरुसलेम पाडलं, मंदिर जाळलं, माणसं हाकलून नेली. देव मंदिरात राहतो, आणि मंदिरच गेलं, मग देव कुठे? यहेज्केल हा पुरोहित त्याआधीच धरून नेलेल्यांपैकी. परक्या मुलुखात कालव्याकाठी त्याला देवाचं सिंहासन दिसतं आणि त्याला चाकं आहेत. देव हललेला आहे, आपल्या माणसांबरोबर निघालेला आहे. हे ऐकताना मला अलिबागजवळचं खंडाळा आठवलं. तिथल्या खडकावर एलियाहूच्या रथाच्या चाकांची खूण आहे असं बेने इस्राएल लोक मानतात आणि नवस फेडायला जातात. रथ पार कोकणात आला होता, असा त्याचा अर्थ. आळीत राहून मला तो पन्नास वर्षं लागला नव्हता.

त्या रात्री कपाटातलं मराठी बायबल काढून १३७वं स्तोत्र वाचलं. बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणारे लोक, झाडांना टांगलेल्या वीणा, आणि गुलाम करून नेणारे म्हणतात, गा आम्हाला तुमच्या गावाकडची गाणी. परक्या भूमीत गायचं कसं, असा त्यांचा प्रश्न. धर्म, युद्ध, स्थलांतर आणि संगीत हे चारही विषय त्या थोड्या ओळींत आहेत. पुढचे अभ्यासक्रम मी याच प्रश्नाच्या मागे निवडले.

संगीताचा अभ्यासक्रम क्रेग राइट सरांचा, २००८चा, तेवीस व्याख्यानं. एक आधीच सांगते. नाव ‘संगीत ऐकणं’ असं असलं तरी विषय मुख्यतः युरोपच्या शास्त्रीय संगीताचा आहे. आपल्या संगीताची अपेक्षा ठेवू नका. पण शिकवणं असं की मी भजनी मंडळात पेटी वाजवते तिला रोज काहीतरी मिळालं. सर पियानोपाशी जाऊन वाजवून दाखवतात, मुलांना हाताने मात्रा मोजायला लावतात, आधी खालचा खर्ज ऐका म्हणतात. चौदाव्या व्याख्यानात ते एकच खर्जाची ओळ पुन्हा पुन्हा वाजत राहते आणि वर गाणं बदलत जातं, हा प्रकार उलगडतात. आपल्याकडे तबल्याच्या एकलवादनात पेटीवर लहरा धरतात, त्याच्या जवळ जाणारं. उदाहरण सतराव्या शतकातल्या इंग्रज संगीतकार पर्सेलच्या ऑपेरातलं, राणी डायडोचा विलाप. ती ओळ मी पेटीवर बसवली: सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. एकेक पट्टी खाली. आपले राग सहसा असे दोन्ही निषाद, दोन्ही धैवत ओळीने घेत उतरत नाहीत, म्हणूनच ते कानाला इतकं उघडं आणि असहाय वाटतं. आणि ही डायडो कोण? भावाच्या भीतीने टायर शहर सोडून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आलेली. तिला सोडून जाणारा इनियस कोण? ट्रॉय जळाल्यावर बापाला पाठुंगळी घेऊन निघालेला. दोघंही परागंदा. हे लक्षात आल्यावर तो विलाप मला नुसत्या प्रेमभंगाचा वाटेना.

त्याच्या पुढच्याच व्याख्यानात मठांमधलं, सगळ्यांनी मिळून एकच चाल गायचं गायन आहे. त्याला स्वरसाथ नाही, त्यामुळे आपल्या कानाला ते लगेच जवळचं वाटतं. शेवटी सर पोपच्या सिस्टाइन चॅपेलमधल्या गायकांकडे येतात. उंच आवाज टिकावा म्हणून ज्या मुलांना लहानपणीच खच्ची केलं जाई त्यांचं गाणं. त्यांतल्या शेवटच्यांपैकी एक, मोरेस्की, याचं गाणं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ध्वनिमुद्रित झालं आणि आजही ऐकता येतं. माझ्या हातातला वाल तसाच राहिला. देवाच्या स्तुतीसाठी लेकराचं असं करावं, आणि तो आवाज तरीही इतका करुण यावा. मला त्या दिवशी रागच आला.

युद्धाचा अभ्यासक्रम अमेरिकन यादवीचा, म्हणजे गुलामगिरीवरून उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं लढली त्या युद्धाचा, डेव्हिड ब्लाइट यांचा. २००८ची सत्तावीस व्याख्यानं. हा मी कोणत्याही इतिहासाच्या शिक्षकाला हात धरून ऐकायला बसवीन. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या, गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, हे वाक्य मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं. त्यामागे काय होतं ते मला धड ठाऊक नव्हतं. युद्धापूर्वी तिथे सुमारे चाळीस लाख माणसं गुलाम होती आणि त्यांची बाजारातली किंमत देशातल्या सगळ्या रेल्वे आणि कारखान्यांपेक्षा जास्त धरली जाई, हे ब्लाइट आकडे मांडून सांगतात. माणसांत गुंतवलेला पैसा इतका प्रचंड होता, म्हणून ती प्रथा आपसूक विरली नसती.

आणि मुक्तता वरून दिलेलं दान नव्हती. मे १८६१मध्ये व्हर्जिनियात तीन गुलाम रात्री होडीने निसटून फोर्ट मन्रो या उत्तरेच्या किल्ल्यात आले. मालकाने परत मागितले. सेनापती बटलर म्हणाला, तुम्हीच यांना मालमत्ता म्हणता ना, मग शत्रूची मालमत्ता मी जप्त केली. त्यानंतर माणसं हजारोंनी चालत, बैलगाड्यांतून, पोरंबाळं घेऊन सैन्याच्या तळांकडे आली. लिंकनचा जाहीरनामा १८६३चा. त्याआधी पावलं उचलली ती या लोकांनी. फुल्यांना हे आवडलं असतं. आणि ज्या १८७३ साली ती अर्पणपत्रिका छापली गेली त्याच साली ईस्टरच्या दिवशी लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी निवडणुकीच्या निकालावरून पेटलेल्या वादात कित्येक काळ्या माणसांची कत्तल झाली. या दोन घटना शेजारी ठेवून शिकवायला मी परत वर्गात जाईन असं वाटतं.

याच युद्धामुळे अमेरिकेचा कापूस अडला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शेअरचं वेड शिगेला पोचलं आणि १८६५ला युद्ध संपताच सगळं कोसळलं. तो भाग आपल्याला आपल्या पुस्तकांत मिळतो. इथे त्याचं दुसरं टोक दिसतं.

ब्लाइट यांच्या मागोमाग जोनाथन हॉलवे यांचा, गुलामीतून सुटल्यापासून आजपर्यंतचा आफ्रिकन अमेरिकन इतिहास ऐकावा. २०१०चा आहे. दक्षिणेतून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्ककडे लाखो माणसं गेली, त्या महास्थलांतराचा भाग माझ्या जवळचा. रेल्वेतले काळे पोर्टर ‘शिकागो डिफेंडर’ वर्तमानपत्राचे गठ्ठे दक्षिणेत पोचवायचे आणि ते वाचून माणसं निघायची. माझे काका लालबागला गिरणीत होते, एका खोलीत चौदा जण. त्यांच्या मनिऑर्डरी आणि खोलीतलं भजन आठवलं. फरक मोठा आहे, तिथे मागे जमावाच्या हातचा फाशीचा दोर होता, पण गावचं गाणं बरोबर नेणं दोन्हीकडे सारखं.

उणिवाही आहेत. फळ्यावरचं नीट दिसत नाही. मुलांचे प्रश्न ऐकू येत नाहीत, त्यामुळे उत्तर एकदम अधांतरी येतं. हक्कांच्या अडचणीमुळे काही चित्रं आणि फिती गाळलेल्या आहेत, ते हॉलवे यांच्या वर्गात फार जाणवतं. छोट्या गटांतल्या चर्चा चित्रित केलेल्याच नाहीत. मराठीत तर सोडाच, हिंदीतही लिखित मजकूर नाही. आणि चित्रण पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं, त्यानंतरचं संशोधन त्यात नाही.

ज्याच्या नावाने ही युनिव्हर्सिटी आहे तो इलायहू येल मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर होता. त्याने पाठवलेला माल विकून त्या छोट्या कॉलेजला पैसे मिळाले आणि १७१८ साली त्याचं नाव लागलं. गुलामीशी असलेल्या आपल्या संबंधांबद्दल युनिव्हर्सिटीने २०२४ साली जाहीर माफी मागितली, आणि त्यामागचं संशोधन ब्लाइट यांच्याच नेतृत्वाखाली झालं. आपल्याच घराचा इतिहास असा तपासणाऱ्या माणसाकडून मी युद्ध शिकले, याचं मला समाधान आहे.

पाचवीतली माझी मैत्रीण आता इस्राएलमधल्या अश्दोदला असते. व्हॉट्सअॅपवर सापडली. तिला हेज बाईंबद्दल सांगितलं तेव्हा मी जरा बिचकतच होते, म्हटलं धर्मग्रंथाचे थर सुटे केलेले तिला रुचतील का. ती म्हणाली, “अगं, आई मलिदा करायची तो तरी कुठल्या पुस्तकात लिहिलाय?” आता शनिवारी तिचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, सुटला की आम्ही दोघी एकेका व्याख्यानावर बोलतो. तिच्याकडे संध्याकाळ असते तेव्हा इथे रात्रीचे दहा वाजून गेलेले असतात. सध्या दहाव्यावर आहोत. तिला वाल मिळत नाहीत, तेवढे पाठवायची सोय बघते आहे.