बॉनेटखाली पक्का कॉम्प्रेसर की डिकीतला सुटा?

ऑफ-रोडिंगला, म्हणजे गाडी कच्च्या वाटांवर नेताना, चिखलासाठी टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली, की डांबरी रस्त्यावर ती पुन्हा ३० च्या आसपास भरावी लागते. सुटा कॉम्प्रेसर स्वस्त, शिवाय मित्राच्या गाडीलाही चालतो. मात्र मोठा पंप चिमट्यांनी थेट बॅटरीला जोडा. लायटरच्या सॉकेटमधून चालवलात तर फ्यूज उडालाच म्हणून समजा.

पक्क्या कॉम्प्रेसरला जाड वायर, रिले (जास्त करंट झेलणारा स्विच), बॅटरीजवळ फ्यूज लागतो, आणि उष्णतेपासून, पाण्यापासून लांब जागाही. ती शोधण्यातच अर्धा रविवार जातो! एअर लॉकर (हवेच्या दाबाने एका अ‍ॅक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं डिफरेन्शियल लॉक) असेल तर मात्र पक्क्याला पर्याय नाही. सोबत छोटी टाकी बसवून टायर झटपट भरतील ही आशा सोडा. ती क्षणात रिकामी होते, पुढचं काम पंपालाच करावं लागतं. वर्षाला चारच ट्रेल, म्हणजे अशा कच्च्या वाटांवरच्या फेऱ्या, करणार असाल तर सुटाच घ्या.