गोळी कशात घालून द्यायची: पनीर, दाण्याचं कूट, रताळं, कलेजी की पोळी?

कुत्र्याला गोळी द्यायची वेळ आली की बहुतेक घरांत हात आधी पनीरकडे जातो. ते मऊ असतं, दाबलं की गोळीभोवती नीट बसतं, आणि पनीर नको म्हणणारा कुत्रा विरळाच. पण आपल्याकडे कुत्र्यांना वरचेवर होणारा गोचीड ताप घ्या. त्यात डॉक्टर बहुतेक वेळा डॉक्सिसायक्लिन देतात, आणि तपासणीत एर्लिकिया हा गोचिडांमधून पसरणारा जंतू निघाला तर ते साधारण 28 दिवस चालतं. हे टेट्रासायक्लिन गटातलं प्रतिजैविक. दुधातलं कॅल्शियम त्याला आतड्यात धरून ठेवतं आणि औषधाचा काही भाग अंगी न लागता तसाच बाहेर पडतो. कुत्रा रोज शेपूट हलवत गोळी खातो, घरच्यांना हायसं वाटतं, आणि औषध मात्र पुरतं पोचत नाही.

म्हणून पदार्थ निवडताना माझा क्रम ठरलेला आहे. आधी औषध बघायचं, मग कुत्र्याला दुसरा काही आजार आहे का ते, आणि आवडनिवड शेवटी. आपण नेमकं उलट करतो. जे आवडतं ते हातात घेतो आणि त्यात जी असेल ती गोळी खुपसतो.

डॉक्टरांच्या केबिनमधून बाहेर पडण्याआधी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. गोळी जेवणासोबत द्यायची की रिकाम्या पोटी? दुधाचे पदार्थ चालतील का? गोळी तोडली, कुटली किंवा कॅप्सूल उघडली तर चालेल का? मीठ किंवा चरबी टाळायची आहे का? मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन ही दुखण्यावरची औषधं आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड पोटात अन्न असताना दिलेली बरी, त्यामुळे तिथे खाऊची मदतच होते. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल ही आम्लपित्तावरची औषधं जेवणाआधी अर्धा तास द्यायची असतात. हृदयरोगात दिलं जाणारं पिमोबेंडन जेवणाआधी साधारण तासभर. अशा औषधांसाठी गोळी जेमतेम झाकेल एवढाच खाऊ वापरायचा, नाहीतर थेट तोंडात द्यायची. जुलाबांसाठी दिलं जाणारं मेट्रोनिडाझोल कुटायच्या भानगडीत तर पडूच नका. ते इतकं कडू असतं की कुत्रा फेसाळ लाळ गाळत बसतो, आणि ज्या पदार्थात ते मिसळलं होतं त्याच्याकडे पुढे कित्येक दिवस बघत नाही.

पनीर आणि चीज

गोचीड तापाच्या आणि एन्रोफ्लोक्सासिन, सिप्रोफ्लोक्सासिन यांसारख्या प्रतिजैविकांच्या बाबतीत पनीर, चीज, दही, चक्का, खवा सगळंच बाजूला ठेवायचं. कॅल्शियमची अडचण तिथेही आहे. जंताची गोळी, फिट्सवरचं फिनोबार्बिटॉन, सांधेदुखीची औषधं यांच्यासाठी मात्र घरी दूध फाडून केलेलं बिनमिठाचं पनीर मला फार आवडतं. पाणी पिळून काढलं की ते मातीसारखं मळता येतं आणि गोळीच्या कडा कुठेही उघड्या राहत नाहीत. दूध न पचणाऱ्या कुत्र्यांनाही पनीर सहसा त्यामानाने सोसतं, कारण दुधातली बरीचशी साखर निवळीबरोबर निघून जाते.

चीज क्यूब आणि पनीर यांना एकाच पारड्यात तोलू नका. क्यूबमध्ये मीठ भरपूर असतं. हृदयाच्या रुग्णाला ते चालत नाही. फिट्ससाठी पोटॅशियम ब्रोमाइड चालू असेल तर आणखी सांभाळावं लागतं, कारण आहारातलं मीठ एकाएकी वाढलं तर ब्रोमाइड शरीरातून जास्त वेगाने बाहेर पडतं आणि आटोक्यात असलेल्या फिट्स पुन्हा येऊ शकतात.

दाण्याचं कूट

भाजलेले शेंगदाणे सालं काढून मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत फिरवले की झालं पीनट बटर. मीठ नाही, साखर नाही. घरी करण्याचं सगळ्यात मोठं कारण सुरक्षिततेचं आहे. विकतच्या काही ‘शुगर फ्री’ पीनट बटरमध्ये झायलिटॉल हा गोडवा असतो. माणसाला तो चालतो, कुत्र्याची रक्तातली साखर मात्र झपाट्याने उतरते आणि यकृत निकामी होऊ शकतं. डब्यावर झायलिटॉल, बर्च शुगर किंवा 967 हा क्रमांक दिसला तर तो डबा कुत्र्यापासून लांब ठेवा. घरच्या कुटातही एक पथ्य आहेच: बुरसट वासाचे, काळपट पडलेले दाणे वापरायचे नाहीत. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन कुत्र्यांच्या यकृताला फार बाधतं.

चिकटपणात दाण्याला तोड नाही. टाळूला चिकटलेलं कूट चाटण्यात कुत्रा गुंगतो आणि गोळी सरकून जाते. पण शेंगदाण्यात जवळपास अर्धी चरबी असते. ज्याला एकदा स्वादुपिंडाचा दाह होऊन गेला आहे किंवा जो लठ्ठ आहे त्याला हे देऊ नये. माझ्या मते दाण्याचं कूट पाच-सात दिवसांच्या औषधासाठी ठीक, महिनोन्‌महिने चालणाऱ्यासाठी नको.

रताळं आणि चिकनचा गोळा

रोजच्या गोळीसाठी एकच पदार्थ निवडायचा तर मी हा निवडेन. यात दूध नाही, वरून घातलेलं मीठ नाही, चरबी जेमतेम, आणि वास मात्र चिकनचा. डॉक्सिसायक्लिनच्या लांबलचक कोर्ससाठी घरात करता येण्याजोग्या पदार्थांत याहून सोयीचं मला काही दिसत नाही.

एक वाटी उकडून साल काढलेलं रताळं घ्यायचं. अर्धी वाटी बिनहाडांचं, बिनकातड्याचं चिकन नुसत्या पाण्यात उकडून मिक्सरमधून काढायचं. कढईत कोरडंच भाजून घेतलेलं ज्वारीचं किंवा ओट्सचं पीठ दोन-तीन चमचे घालायचं आणि मळायचं. रताळं पाणचट निघालं तर पीठ थोडं वाढवावं लागतं, कोरडं निघालं तर चिकन उकडलेलं पाणी चमचा-चमचा घालायचं. गोळा बोटाने दाबला की खड्डा तसाच राहिला पाहिजे आणि हाताला काही चिकटता कामा नये. इथवर आलं की बोराएवढ्या गोळ्या वळायच्या आणि प्रत्येकीत पेन्सिलीच्या मागच्या टोकाने भोक पाडायचं. ताटात सुट्या ठेवून फ्रीझरमध्ये कडक होऊ द्यायच्या, मग डब्यात भरायच्या. फ्रीझरमध्ये महिना-दोन महिने टिकतात, खालच्या कप्प्यात मात्र तीन दिवसच. सकाळी लागणारी आदल्या रात्री खाली काढून ठेवली की सकाळी मऊ मिळते. औषधाची गोळी भोकात घालून वरचं तोंड चिमटीने मिटवलं की काम झालं.

मेहनत आहे, हे खरं. पण एका रविवारी बसलं की बरेच दिवस सुटतात, आणि सकाळी ऑफिसच्या घाईत हा डबा फार उपयोगी पडतो.

दोन अडचणी मात्र आहेत. रताळ्यात ऑक्झलेट असतं, त्यामुळे कॅल्शियम ऑक्झलेटचे मूतखडे झालेल्या कुत्र्याला ते नको. मधुमेही कुत्र्याच्या बाबतीत डॉक्टरांना विचारूनच ठरवा. तिथे नुसत्या उकडलेल्या चिकनच्या तुकड्याला चीर पाडून गोळी आत सरकवली तर जास्त सुरक्षित, फक्त ती निसटून बाहेर पडण्याची भीती राहते.

कलेजी, आणि बाकीचे

तापाने ग्लानीत पडलेला, जेवणाकडे पाठ फिरवलेला कुत्राही उकडलेल्या कोंबडीच्या कलेजीच्या वासाने मान वर करतो. पण कलेजी रोजची नव्हे. तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं आणि ते शरीरात साठत जातं. लॅब्राडॉरसारख्या काही जातींत यकृतात तांबं साठण्याचा आजार दिसतो, आणि प्राण्यांच्या कलेजीत तांबंही असतं, तेव्हा त्यांना तर आणखी जपून द्यावी. मी कलेजी उकडून, कुस्करून, अगदी चिमूटभर, रताळ्याच्या गोळीला बाहेरून लावायला ठेवते. वास कलेजीचा, पोटात जातं ते रताळं. भूक परत आली की बंद.

गोचीड तापात रक्त कमी झालेलं असतं म्हणून बरेचदा लोहाचं टॉनिकही लिहून दिलेलं असतं. ते आणि डॉक्सिसायक्लिन एकाच वेळी देऊ नये. लोहही त्या औषधाला कॅल्शियमसारखंच अडवतं. निदान दोन-तीन तासांचं अंतर हवं आणि नेमकं किती ते डॉक्टरांकडून पक्कं करून घ्यावं. एका चमच्यात टॉनिक आणि दुसऱ्या हातात गोळी, दोन्ही एकदमच उरकायचं, हे फार घरांत चालतं.

केळं स्वस्त, चरबी नाममात्र, पण गोळीवरून घसरतं आणि साखर जास्त. घाईच्या वेळी ठीक. उकडलेल्या अंड्याचा बलक चांगला चिकटतो, वासही बरा, चरबी मात्र आहे. किनारपट्टीच्या घरांत सुकट किंवा जवळ्याची पूड हाताशी असते आणि कुत्रे तिच्यावर तुटून पडतात. सुकवलेल्या मासळीत मीठ असल्यामुळे हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना ती देऊ नका. धडधाकट कुत्र्याला जंताची गोळी द्यायची असेल तर वरून भुरभुरवायला चिमूटभर चालेल.

शाकाहारी घर असेल तर

मग पोळी. पण पोळीच्या तुकड्यात गुंडाळलेली गोळी हमखास सुटते, कारण कोरडी पोळी उलगडते. ताजी पोळी बारीक कुस्करून कोमट पाण्यात भिजवायची, पाणी पिळून टाकायचं, त्यात चमचाभर दाण्याचं कूट घालून मळायचं. छान लवचीक गोळा होतो. भाकरी या कामाला फारशी उपयोगाची नाही, ती फुटते. दूध-पोळीची सवय असलेल्या कुत्र्याला दुधातच कालवून द्यावं असं वाटतं, पण डॉक्सिसायक्लिन असेल तर तेच टाळायचं आहे. कूटही नको असेल तर पोळी आणि रताळं अर्धं-अर्धं.

रात्रीच्या उरलेल्या भाजीचा किंवा मटणाचा रस्सा पोळीला लावायचा मोह अजिबात नको. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि गोचीड तापाच्या रुग्णाकडे त्या आधीच कमी असतात. बेदाणे-मनुका घातलेला शिरा किंवा लाडू, चिंच आणि चॉकलेट हेही कुठल्याच रूपात नको. बेदाणे, मनुका आणि चिंच यांनी मूत्रपिंडं बंद पडू शकतात.

विकतचे पिल पॉकेट, म्हणजे गोळी आत घालता येईल असा तयार मऊ खाऊ, मिळतात, ते सोयीचे आहेत आणि प्रवासात मी तेच घेईन. पण महिनाभर चालणाऱ्या औषधाला ते महाग पडतात, आणि त्यातले घटक आपल्या हातात नसतात. पाकिटावरची यादी वाचल्याशिवाय दूध किंवा चीज आहे की नाही ते कळत नाही. घरचे असोत की विकतचे, सगळा खाऊ मिळून दिवसभराच्या आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे. पॉमेरेनियनसारख्या लहान कुत्र्यासाठी हा हिशेब पटकन संपतो.

देण्याची पद्धत

पदार्थ कितीही बरोबर निवडला तरी देताना गडबड झाली तर व्यर्थ. कुत्रा गोळा तोंडात घेतो, चघळतो, जीभ जरा एका बाजूला जाते, आणि पनीर पोटात, गोळी फरशीवर. वरचा लेप विरघळलेली ती ओली गोळी पुन्हा गुंडाळून दिली की तिचा कडूपणा आता उघडा पडलेला असतो. त्यामुळे पहिल्याच झटक्यात गेली पाहिजे.

यासाठी तीन गोळे करा. पहिला रिकामा. दुसऱ्यात औषध. तिसरा पुन्हा रिकामा, आणि तो दुसरा देतानाच कुत्र्याच्या नाकासमोर धरायचा. पुढच्याच्या आशेने हातातला तो न चावता गिळून टाकतो. औषधाची गोळी एका हाताने आत घालायची आणि गोळा दुसऱ्या, स्वच्छ हाताने मिटवायचा. बोटांना लागलेला औषधाचा वास गोळ्याच्या बाहेरून आला की कुत्र्याला आत काय आहे ते लगेच कळतं. अधूनमधून दिवसभरात नुसते रिकामे गोळेही देत जा, म्हणजे गोळा दिसला की औषध, असं समीकरण त्याच्या डोक्यात बसणार नाही.

मुख्य जेवणात गोळी मिसळू नका. अर्धं जेवण टाकलं तर औषध किती गेलं ते कळत नाही, आणि संशय बसला तर तो जेवणच सोडतो. आधीच उतरलेल्या रुग्णाला ते परवडत नाही.

डॉक्सिसायक्लिनची गोळी किंवा कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होऊ शकते, म्हणून गोळ्यानंतर थोडं पाणी किंवा दोन घास जेवण हवंच. पाणी पीत नसेल तर बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या बाजूने पाच-सहा मिली हळूहळू सोडा, डोकं फार वर न करता. आणि कुत्रा काहीच तोंडात घेत नसेल तर खाऊच्या प्रयोगांत दिवस घालवू नका. त्याच औषधाचं सिरप मिळतं का, इंजेक्शन देता येईल का, हे त्याच दिवशी विचारा. गोळी दिल्यावर थोड्या वेळात उलटी झाली तर आपल्या मनाने दुसरी देऊ नका. उलटीत गोळी दिसते का ते बघा, वेळ लिहून ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा.