हायबरनेट, आठ महिन्यांनंतर: एका यादीपायी दुप्पट भाडं भरलं

नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका संत्रा अडत्याला पावत्यांचं सॉफ्टवेअर करून दिलं, जावा आणि हायबरनेटवर. हायबरनेट म्हणजे डेटाबेसच्या टेबलातल्या ओळीचा जावातला ऑब्जेक्ट करून देणारी लायब्ररी. थेट दुखण्यावर येतो.

मृग बहाराचा माल सुरू झाला आणि दिवसाच्या पावत्यांची यादी उघडायला नऊ-दहा सेकंद लागू लागले. दिवाणजी म्हणाले, "भाऊ, यापेक्षा मी वहीत लवकर पाहतो." मला वाटलं, मुंबईतला भाड्याचा डेटाबेस सर्व्हर अपुरा पडतोय. मेमरी दुप्पट केली, भाडंही दुप्पट झालं. दोन महिने भरलं. यादी ढिम्म.

शेवटी शो-एसक्यूएल (डेटाबेसला जाणारा प्रत्येक प्रश्न, म्हणजे क्वेरी, छापून दाखवणारी सोय) चालू केलं, तर कन्सोल थांबेचना. ४०० पावत्यांची एक क्वेरी, मग प्रत्येक शेतकऱ्याची वेगळी. शेतकरी ३१२, म्हणजे एकूण ३१३. (एका सेशनमध्ये, म्हणजे डेटाबेसशी एका बैठकीत, तोच शेतकरी दुसऱ्यांदा विचारत नाही, एवढी मेहरबानी.) दुकानातून मुंबईची एक फेरी साधारण ३० मिलिसेकंदांची. करा गुणाकार. यात मेमरी काय करणार, कपाळ! एकेका संत्र्यासाठी काटोलला टेम्पो धाडत होतो.

आणि हे काहून? तर जेपीएत (हायबरनेट पाळतं ते जावाचं स्टँडर्ड) मेनी-टू-वन नातं, म्हणजे अनेक पावत्यांचा एक शेतकरी, काही न सांगता ईगर धरतात, म्हणजे लगेच आणतात; उलट बाजूचं वन-टू-मेनी मात्र लेझी, म्हणजे लागेल तेव्हाच. २००६ च्या पहिल्या जेपीएपासून असंच आहे. हायबरनेट ३ च्या एक्सएमएल मॅपिंगात (टेबल-ऑब्जेक्टची जोडणी लिहिलेल्या फाइलीत) तर दोन्ही लेझीच होती. म्हणजे मी हायबरनेटला दिलेल्या निम्म्या शिव्या स्टँडर्डच्या खात्यात टाकायला हव्यात.

लेझी करून पाहिलं. यादीत नाव दाखवताना पुन्हा तेच ३१३, आणि छपाईच्या कोडात सेशन बंद असल्याने लेझी-इनिशियलायझेशन एक्सेप्शन, म्हणजे न आणलेला शेतकरी आता आणता येत नाही अशी त्रुटी. उपाय निघाला क्वेरीत लिहायच्या दोन शब्दांचा: जॉइन फेच, म्हणजे पावत्यांसोबत शेतकरीही एकाच क्वेरीत. यादी आता सेकंदाच्या आत येते.

एक मात्र मान्य करतो. पावतीतलं वजन सेटरने, म्हणजे नुसतं ऑब्जेक्टमध्ये, बदललं की ट्रान्झॅक्शन (डेटाबेसचा एक पूर्ण व्यवहार) संपताना डेटाबेसला अपडेट आपोआप जातो. व्हर्जनचा रकाना (पावती बदलली की बदलणारा आकडा) लावल्यापासून दोन काउंटरवरून एकच पावती बदलली, तर दुसऱ्याला अडवतं. जेडीबीसीत (डेटाबेसशी थेट बोलायची जावाची मूळ सोय) हे सारं हाताने लिहीत बसलो असतो.

सर्व्हर पुन्हा लहान केलाय. दोन महिन्यांचा फरक अडत्याकडे मागायची हिंमत झाली नाही, माझ्याच खिशातून गेला.