हॉलमध्ये कुठला डोंगर लावावा: निळा की तांबूस?

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा भिंतीवर बर्फाचा हिमालय हवासा वाटणारच. रशियन चित्रकार निकोलस रोरिक कुलू खोऱ्यातल्या नग्गरला राहून टेम्परा म्हणजे पाण्यात कालवायच्या, चकाकी नसलेल्या रंगांत असे डोंगर रंगवत: सपाट निळे, जांभळे. बघून गार वाटतं, पण जरा परकंही.

उन्हाळ्यातला सह्याद्री वेगळाच. बर्न्ट सिएनाचा तांबूस तपकिरी, यलो ऑकरचा मातकट पिवळा, वाळल्या गवताचा पिवळा. निळसर फक्त लांबच्या रांगा, कारण मधली हवा निळा प्रकाश जास्त विखुरते. जवळच्या कड्यावर सुरीने थापलेला जाड रंग, हात लावावा तर खरखरीत. चित्र तापलेलं आहे खरं, तरी माझं मत यालाच. शिवाय पिवळ्या बल्बखाली निळा मळकट दिसतो, गेरू खुलतो. घरात पांढरी ट्यूबच असेल तर मात्र खुशाल हिमालय घ्या.